जुन्या गाडीच्या दारातले स्पीकर बदलले, आवाज एकदम खुलला
हॅचबॅक जुनी, कंपनीचे स्पीकर पार गेलेले, कडेच्या फोमला बोट लावलं की भुगा पडायचा आणि बेस आला की नुसती फरफर. पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानातून ६ इंची कोअ‍ॅक्सिअल (एकाच स्पीकरमध्ये जाड आणि बारीक दोन्ही आवाज देणारे) बसवून घेतले, ४ ओहमचे, सेन्सिटिव्हिटी (थोड्या पॉवरवर किती मोठा वाजतो ते) ९२ डीबी, म्हणजे जुन्याच स्टिरिओवर मस्त वाजतात, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. दुकानातल्या पोराने कपलर (वायर जोडायचा तयार प्लग) लावून काम केलं, कंपनीची वायर कुठेच कापली नाही, हे मला फार आवडलं. दारात डॅम्पिंग शीट मात्र लावाच, दाराचा पत्रा थरथरायचा थांबतो. आणि ट्रिमच्या (दाराच्या आतल्या पॅनेलच्या) मागचा प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवायला सांगा, नाहीतर पावसात पाणी थेट आत येतं. तबल्याचा बायाँ (डग्गा) आता काय सुंदर ऐकू येतो, पूर्ण पैसे वसूल!