नवी पेठेतले टेलर मास्तर: शिलाई चांगली, उरलेलं कापड परत

आमच्या चर्चमधल्या ९ मुलींचे पहिल्या कम्युनियनचे (पहिल्यांदा प्रभुभोजन घेण्याच्या विधीचे) पांढरे फ्रॉक इथे शिवून घेतले. दुकान दोन मशिनी मावतील एवढंच, बसायला एक स्टूल. शिवण सरळ, आतून ओव्हरलॉक, काज-बटणं पक्की. दोन दिवस उशीर झाला आणि एका फ्रॉकची चेन अडकत होती, ती लगेच बदलून दिली.

पण लिहायला बसले ते कापडासाठी. २४ मीटर पॉपलीन दिलं होतं. फ्रॉक न्यायला गेले तेव्हा मास्तरांनी काउंटरवर एक गुंडाळी ठेवली आणि माझ्यासमोर टेप लावला. सव्वातीन मीटर! "घेर उलटसुलट बसवून कापले, त्यात वाचलं. मोजून घ्या की, ताई." कातरणाची पिशवीसुद्धा दाखवून विचारलं, नेताय का इथंच ठेवू? आजवर दुसरीकडे 'कापड पुरलं नाही' एवढंच ऐकत आले. इथे तर न सांगता ठेवून घेतलं असतं तरी मला पत्ता लागला नसता.

मी रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. बायबलमधल्या दहा आज्ञांत, आम्हा कॅथलिकांच्या क्रमाने, 'चोरी करू नकोस' ही सातवी आज्ञा. पण चर्चची शिकवण कुलूप फोडण्यापाशी थांबत नाही. उसनं आणलेलं किंवा सापडलेलं जाणूनबुजून ठेवून घेणं, कामात कुचराई करणं, कष्टाची मजुरी अडकवणं, हे सगळं त्याच आज्ञेखाली येतं. आणि ज्याचं घेतलं त्याला ते परत करावंच लागतं. बायबलमधला जकातदार जक्कय येशूला म्हणाला, कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करीन. हा धडा मी दरवर्षी शिकवते. यंदा मुलांना ती गुंडाळीच वर्गात नेऊन दाखवली.

मजुरीचं शिकवताना मात्र माझा आवाज अडखळला. मास्तरांनी फ्रॉकमागे ३५० सांगितले होते, मी घासाघीस करून ३०० वर आणले होते. मशिनीवरच्या दोघींना नगावर पैसे मिळतात. दुसऱ्या दिवशी जाऊन वरचे ४५० देऊन आले. मास्तर नको म्हणत होते, मी ठेवलेच.

कापड मुलींच्या आयांच्या पैशांचं, म्हणून सगळ्यांना फोन केले. आठजणी म्हणाल्या, वेदीच्या कपड्याला वापरा. नववीला धाकटीचं झबलं शिवायचं होतं. तिच्या वाट्याला आले ३६ सेंटिमीटर. मास्तरांनी एक धागा ओढून रेघ पाडली आणि त्या रेघेवरून तेवढा तुकडा नीट कापून दिला.