ऑलिव्हिन घ्यायचं की प्लॅजिओक्लेज? डिफ्युजनवरून काळ काढणाऱ्यांसाठी

बेसॉल्टमधले क्रिस्टल मॅग्मात किती काळ होते ते डिफ्युजनवरून, म्हणजे क्रिस्टलच्या आत अणू किती सरकलेत त्यावरून, काढायचंय आणि मिनरल कुठलं घ्यावं इथे अडलंय, तर आधी थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा दगडाचा पातळ काप) बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

ऑलिव्हिनची जमेची बाजू म्हणजे लोह-मॅग्नेशियमच्या डिफ्युजनवर लॅबमध्ये भरपूर काम झालंय. 1200 अंश सेल्सिअसला 50 मायक्रॉन सरकायला साधारण वर्ष-दोन वर्षं लागतात, त्यामुळे उद्रेकाआधीच्या शेवटच्या हालचाली यात छान सापडतात. पण क्रिस्टलच्या सी अक्षावर वेग बाकी दोन दिशांच्या जवळपास सहापट असतो, तेव्हा ईबीएसडीने (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरची एक पद्धत) क्रिस्टलची दिशा मोजल्याशिवाय काळ काढूच नका.

प्लॅजिओक्लेजमध्ये दिशेची एवढी कटकट नाही. मॅग्नेशियम पटापट सरकतं, स्ट्रॉन्शियम त्याच्या दहापट किंवा त्याहूनही हळू, म्हणजे एकाच क्रिस्टलमध्ये दोन घड्याळं, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. मेख आहे ती अनॉर्थाइटची, म्हणजे प्लॅजिओक्लेजमधल्या कॅल्शियमवाल्या घटकाची. त्याचं झोनिंग (गाभ्यापासून कडेपर्यंत बदलत जाणारं प्रमाण) हलायला प्रचंड वेळ लागतो आणि मॅग्नेशियम कुठे किती मावणार, किती वेगाने सरकणार हे तेच ठरवतं, त्यामुळे पूर्ण समतोल झाला तरी मॅग्नेशियमच्या आलेखाची रेषा सपाट होत नाही. ती वाकडी दिसली म्हणून डिफ्युजन अर्धवट राहिलंय असं समजलात तर सगळं उत्तर चुकणार. शिवाय मॅग्नेशियम असतं अगदी थोडं, मायक्रोप्रोबवर (क्रिस्टलमधले घटक मोजायचं यंत्र) काउंटिंगला जास्त वेळ द्यावा लागतो.

तापमानाचा अंदाज दोन्हीकडे जपून करा. 1200 च्या जागी 1100 धरलं तर ऑलिव्हिनचा काळ तिपटीहून जास्त येतो, प्लॅजिओक्लेजमधल्या मॅग्नेशियमचा जवळपास पाचपट.

आता आपल्या दख्खनचं. सह्याद्रीतल्या बऱ्याच लाव्हाच्या फ्लोमध्ये ऑलिव्हिन ताजं न राहता बदलून त्याचं इडिंगसाइट झालेलं असतं, आणि मंचरसारख्या जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्टमध्ये तर काही सेंटिमीटरचे क्रिस्टल समोरच असतात, तिथे मी डोळे झाकून प्लॅजिओक्लेज घेईन, स्ट्रॉन्शियमपासून सुरुवात करून. सॅम्पल मात्र फ्लोच्या कडेचं हवं, कारण जाड फ्लोचा गाभा वर आल्यावरही बराच काळ गरम राहतो आणि डिफ्युजन तिथे चालूच राहतं. ताजं ऑलिव्हिनच हवं असेल तर पावागडचे पिक्राइट (ऑलिव्हिन भरपूर असलेले लाव्हाचे दगड) बघा.