साहेलमध्ये झाडं लावायची की जपायची?

साहेल म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेला कोरडा पट्टा. तिथे आफ्रिकन युनियनने 2007 साली हाती घेतलेली ‘ग्रेट ग्रीन वॉल’ म्हणजे सुमारे 8,000 किलोमीटरचा हिरवा पट्टा उभारायची योजना. स्वप्न मोठं, पण राखण नसेल तर रोपं करपतात, आणि बंदूकधारी फिरतात तिथे राखणीला जाणार कोण?

साहेलमधल्याच नायजर देशाच्या माराडी-झिंदर भागातली तऱ्हा वेगळी. 1980च्या दशकापासून शेतकऱ्यांनी जुन्या खुंटांना फुटलेले धुमारे तोडण्याऐवजी छाटून वाढवले. सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परतली, तीही जवळजवळ फुकटात! चारा-सरपण वाढलं की पशुपालक आणि शेतकरी यांच्यातलं भांडणाचं एक कारण कमी होतं. अट एकच: झाड आपलं आहे, सरकारचं नाही, याची शेतकऱ्याला खात्री हवी. मला हाच मार्ग पटतो. जमिनीत जिवंत मुळंच उरली नसतील, तिथे मात्र रोपं लावावीच लागतात.