वाचनवर्गाची सेवा: साहित्य उत्तम, तासिकेचा मात्र पत्ता नाही

वाचनात मागे पडलेल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी आमच्या शाळेने गेल्या शैक्षणिक वर्षात एका संस्थेची वाचनवर्ग सेवा घेतली. पायाभूत चाचणी, स्तरनिहाय वाचनसाहित्य, शिक्षकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि महिन्यातून एकदा भेट देणारा मार्गदर्शक असे तिचे स्वरूप होते. वर्ग माझ्याकडे होता, त्यामुळे हा अभिप्राय वर्षभराच्या अनुभवावरून लिहीत आहे.

साहित्याला मी नावे ठेवणार नाही. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या क्रमाने एकेका मुलाला जवळ बसवून घ्यायची ती तोंडी चाचणी मला सर्वांत मोलाची वाटली, कारण लेखी परीक्षेतून जे वर्षानुवर्षे निसटत होते ते तिने पाच मिनिटांत समोर आणले. पाचवीतला एक मुलगा पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा वाचत असे. चाचणीचे चार ओळींचे कार्ड हातात दिल्यावर त्याने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवले आणि तो तसाच बसून राहिला. मग मी त्याला नेहमीचा धडा उघडायला सांगितले आणि वरचे चित्र तळहाताने झाकले, तर तिथेही तो अडला. चित्र पाहून त्याला कोणता धडा आहे ते कळे आणि पुढचे सारे तो पाठ म्हणत असे. इतकी वर्षे हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आले नव्हते, आणि हे लिहिताना मला संकोच वाटतो.

अडचण सुरू झाली ती वेळापत्रकापासून. मुलांचे गट इयत्तेनुसार न करता स्तरानुसार करायचे, तर तिन्ही इयत्तांना एकच तासिका मोकळी हवी. ती कागदावर मिळाली. प्रत्यक्षात घटक चाचण्या, क्रीडास्पर्धा, कार्यक्रमांच्या तालमी आणि रजेवरील शिक्षकांचे वर्ग सांभाळणे यांत पहिल्या सत्रातल्या जेमतेम निम्म्या तासिका झाल्या. त्यावर उपाय म्हणून मुलांना खेळाच्या तासाला बोलवावे असे ठरले, तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, मला वाचता येत नाही म्हणून मला खेळ नाही का?” संस्थेच्या माहितीपत्रकात या प्रश्नाची सोय नाही. शिवाय ज्यांना या वर्गाची गरज सर्वाधिक, तीच मुले वारंवार गैरहजर असत.

नोंदींचा भाग मला सर्वांत खटकला. प्रत्येक मुलाची प्रगती दर आठवड्याला ॲपमध्ये भरायची होती आणि मार्गदर्शक आले की त्यांचे लक्ष मुलांपेक्षा त्या रकान्यांकडे अधिक असे. वर्षाअखेरची चाचणी शिकवणाऱ्यानेच, म्हणजे मीच, घ्यायची होती, आणि तीही वर्गात सरावलेल्या कार्डांवर. कुतूहल म्हणून मी मुलांना एक अनोळखी परिच्छेद दिला, तेव्हा गोष्ट वाचणाऱ्यांची संख्या अहवालातल्या संख्येपेक्षा कमी भरली. अहवाल अर्थातच आधी रवाना झाला होता.

हा अनुभव एकट्या आमच्या शाळेचा नाही. स्तरानुसार गट करून शिकवण्याच्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पद्धतीचे अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे मूल्यमापन केले. बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळी वर्गांत सरकारी शिक्षकांनी याच पद्धतीने शिकवले, तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. पण शाळा सुरू असताना शिक्षकांना नुसते साहित्य आणि प्रशिक्षण दिले, तेव्हा म्हणावा असा फरक पडला नाही. पुढे 2012-13 मध्ये हरियाणात या कामासाठी रोज एक स्वतंत्र तास ठरवण्यात आला आणि शाळांना भेटी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी काही दिवस स्वतः वर्ग घेतले, तेव्हा नेहमीच्या शाळेतही परिणाम दिसला. हे वाचल्यावर आमचे कुठे चुकले ते मला नीट उमगले. बिहारमध्ये दोन्ही वेळी शिक्षक सरकारीच होते आणि पद्धतही तीच होती. शाळा सुरू झाली की अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धांदलीत या कामाचा तास सर्वांत आधी कापला जातो. आमच्या मार्गदर्शकांनी वर्षभरात एकदाही खडू हातात घेतला नाही.

म्हणून ज्या मुख्याध्यापकांना रोजची एक तासिका कुणालाही हात लावू न देता राखता येईल, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी केवळ चाचणी वापरावी, तीही पुरेशी उपयोगी आहे. आमच्या शाळेने यंदा करार वाढवताना दोन अटी घातल्या. मार्गदर्शकाने प्रत्येक भेटीत अर्धा तास स्वतः शिकवावे, ही अट संस्थेने मान्य केली आहे. अंतिम चाचणी वर्गाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने अनोळखी परिच्छेदांवर घ्यावी, या दुसऱ्या अटीवर अजून पत्रव्यवहार चालू आहे.