हाताचं पापड प्रेस: वर्षभर वापरल्यावर

आमच्या बचत गटाने गेल्या होळीच्या आधी हाताने दाबायचं पापड प्रेस घेतलं, लोखंडी, २,२०० रुपयांचं. दोन गोल तवे, मागे बिजागरी, वर लांब दांडा. उन्हाळाभर रोज चाललं, नंतर ऑर्डरपुरतं.

विकणारा म्हणाला, "कुठलाही पापड होतो." तेवढं खरं नाही. उडदाचं पीठ कितीही कुटा, चिवटच. दाबलं की पसरतं, दांडा उचलला की आक्रसतं. तळल्यावर पापड मधे कच्चट लागतो. म्हणून उडदाचे आजही लाटूनच करतो. फार तर लाटी प्रेसमध्ये चपटी करून घेतो, तेवढाच हात वाचतो.

नाचणी, तांदूळ, ज्वारीच्या उकडीला मात्र याला तोड नाही. उकड गरम हवी, गार झाली की कडा फाटल्याच. पातेलं झाकलेलंच ठेवायचं. एकीने मळायचं, दुसरीने दाबायचं, तिसरीने उन्हात टाकायचं. बिजागरीकडची बाजू जास्त दबते आणि पीठ पुढे सरकतं, म्हणून तेल लावलेल्या प्लास्टिकवर गोळा जरा त्याच बाजूला सरकवून ठेवा. एकदा दाबा, प्लास्टिकसकट अर्धं फिरवा, पुन्हा हलकेच दाबा. जाडी सारखी झाली की पापड वाळताना वाकडा होत नाही, पाकिटात नीट बसतो. दुकानदार आधी तेच बघतो.

आता तक्रारी. तवे ओले राहिले की गंज धरतात. पुसून तेलाचं बोट फिरवावंच लागतं. बिजागरीची पिन झिजून दांडा डुगडुगायला लागला, गावातल्या लोहाराने नवी घालून दिली. घेताना तव्यांच्या आतल्या बाजूला रंग नाही ना, हे नखाने खरवडून बघा. आणि प्रेस जाड फळीवर बोल्टने बसवून टेबलावर ठेवा. जमिनीवर बसून दाबलं तर संध्याकाळी खांदा वर होत नाही.

गटातल्या दोघीतिघी म्हणतात, आता विजेचं मशीन घेऊ. मला पटत नाही. आमचं काम अडतं ते वाळवणापाशी. दुप्पट पापड दाबून ते टाकायचे कुठे? खाटा तेवढ्याच, आभाळ आलं की सगळ्यांची पळापळ. पीएमएफएमई या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत गटाच्या सदस्याला खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. ते मिळालं तर मी आधी जाळीचे ट्रे आणि पारदर्शक छपराची वाळवणाची शेड मागणार आहे.