बिनशिक्क्याचा कुकर आणि डुप्लिकेट व्हॉल्व्ह: घेऊ नका

मुंबईत फुटपाथवर आणि गल्लीबोळातल्या भांड्यांच्या दुकानांत पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर कधीकधी नाव-पत्ता नसलेल्या खोक्यात मिळतो. चकचकीत असतो, स्वस्तही पडतो. त्याची विक्री मात्र बेकायदा आहे. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएस २३४७ या मानकाचा आयएसआय शिक्का सक्तीचा झाला आहे.

शिक्का खोक्यावर छापलेला पाहून समाधान मानू नका, कुकरवर शोधा. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो दुकानातच भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. ॲपमधलं उत्पादकाचं नाव आणि कुकरवरचं नाव जुळलं नाही, तर कुकर तिथेच परत ठेवा.

एवढा आग्रह कशासाठी? कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो जास्त दाब असतो. झाकणाचा व्यास २० सेंटीमीटर धरला, तर त्याला वर ढकलणारा जोर ३०० किलोंच्या पुढे जातो. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये हा सगळा जोर काठावरच्या खाचा पेलतात. पत्रा पातळ असेल तर खाचा वाकतात आणि झाकण सुटतं. आत बसणारं झाकण वाफेच्या दाबानेच घट्ट होतं, दाब असेपर्यंत उघडत नाही. त्यामुळे निवड करायचीच असेल, तर आमचा कौल आतल्या झाकणाला.

वाफेला बाहेर पडायची पहिली वाट म्हणजे शिट्टीखालची नळी. डाळीचा फेस किंवा टरफल अडकलं की ती बंद होते, शिट्टी होत नाही आणि दाब चढत राहतो. म्हणून डाळ लावताना कुकर अर्ध्यापर्यंतच भरा, एरवी दोन तृतीयांश. झाकण लावण्याआधी नळीतून उजेड दिसतो का, ते बघा. शिट्टी वेळेत झाली नाही तर गॅस बंद करून कुकर आपोआप थंड होऊ द्या; शिट्टी उचलू नका.

दुसरी वाट सेफ्टी व्हॉल्व्हची. त्यातला मिश्रधातू ठरलेल्या तापमानाला वितळतो आणि वाफ मोकळी होते. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. डुप्लिकेट व्हॉल्व्हचे आटे तंतोतंत बसतात, पण आतला धातू कितीला वितळेल याची खात्री कुणीच देत नाही. व्हॉल्व्ह एकदा उडाला की त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्या. रिंगचंही तेच, कडक झाली, चिरली की बदला.

डुप्लिकेट व्हॉल्व्ह कायद्यातही नडतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार सदोष वस्तूने झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर येते. पण कलम ८७ विक्रेत्याला बचाव देतं: अपघाताच्या वेळी वस्तूत बदल केलेला होता, किंवा ती चुकीच्या पद्धतीने वापरली होती. परका व्हॉल्व्ह बसवलात की हा मुद्दा तुम्हीच समोरच्याच्या हातात दिलात. कुकर कुणी बनवला हेच कळत नसेल, तर कलम ८६ खाली विक्रेत्याला धरता येतं. फुटपाथवर बिल मिळत नाही, मग कुकर त्यानेच विकला हे तरी कसं सिद्ध करणार?

ऑनलाइन घेतलं म्हणून निर्धास्त राहू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला एक लाखाचा दंड केला आणि विकलेले २,२६५ कुकर परत घेऊन पैसे देण्याचा आदेश काढला. त्याच महिन्यात फ्लिपकार्टवरही ५९८ कुकरांबाबत अशीच कारवाई झाली.

अपघात झालाच, तर आधी भाजलेल्या भागावर नळाचं गार पाणी सोडा आणि दवाखाना गाठा. घरातल्यांना मात्र एक गोष्ट बजावून सांगा: कुकर धुवू नका, भंगारवाल्याला देऊ नका. भांडं, झाकण, शिट्टी, व्हॉल्व्ह, रिंग आहे तसं पिशवीत बांधून ठेवा, ओट्याचे आणि छताचे फोटो काढा, केसपेपर व बिलं जपा. दोष तपासायचा असेल तर तक्रार ऐकणारा ग्राहक आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवतो. वस्तूच नसेल, तर तपासणार काय?

तक्रारीला मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, आणि राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते. कुकर भुलेश्वरचा असला तरी भांडुपच्या माणसाला मुंबई उपनगरच्या आयोगात जाता येईल. उत्पादन-दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीची भरपाई मागण्याच्या दाव्यात ‘हानी’ म्हणजे इजा, आजार, मानसिक त्रास किंवा इतर मालमत्तेचं नुकसान. खुद्द कुकरची किंमत त्यात धरत नाहीत. त्यामुळे औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि फुटलेली शेगडी यांचा हिशेब कागदासह मांडा. दाव्याआधी चौकशी करायची असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.