काळी माती की तांबडी? फोर बाय फोर पिकपला टायर घेण्याआधी

मावसभावाने जुना फोर बाय फोर पिकप घेतला. येळ्ळूरच्या शिवारात त्याची भातशेती आहे, कणकुंबीच्या बाजूला काजूची बाग. गाडीचे टायर गुळगुळीत झालेले. मला फोन केला, "दादा, मड टेरेन घालू की ऑल टेरेन? दुकानदार म्हणतोय मड टेरेनच घाला, गाडी भारी दिसते." मड टेरेन म्हणजे खास चिखलासाठीचा, मोठ्या ठोकळ्यांचा टायर, आणि ऑल टेरेन म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा. मी म्हटलं, दिसण्याचं नंतर बघू. पावसाळ्यात काळ्या मातीत किती दिवस जातोस, तांबड्यात किती, आणि डांबरावर किती, ते आधी सांग.

आमच्या बेळगाव भागात टायरचा निर्णय इथेच होतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जावं तशी माती तांबडी होते आणि खाली जांभा लागतो. येळ्ळूर-वडगावचं शिवार, निपाणी-चिकोडीचा पट्टा आणि पुढे अथणीपर्यंतची ऊसपट्टी बरीचशी काळी. दोन्हीकडे पावसाळ्यात चिखल होतो, पण दोन्ही चिखलांचा स्वभाव वेगळा.

तांबड्या मातीच्या पाणंदीत वरचा चिखल चार-सहा बोटांचा असतो, खाली मुरूम किंवा जांभा. चाक थोडं खाली जातं आणि टणक जागेला टेकलं की पकड मिळते. इथे चांगला ऑल टेरेन पुरतो. रुंद टायरचीही गरज नसते, उलट अरुंद टायर चिखल कापून लवकर तळाला जातो. इथला धोका रुतण्याचा कमी, फाटण्याचा जास्त. जांभ्याची तुटलेली कड टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलला लागली की चीर पडते. तळव्यातलं पंक्चर गावातला पंक्चरवालाही काढून देतो, साइडवॉलची चीर कुणालाच काढता येत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळीच्या वाटेवर हे झालं तर मदत लवकर मिळत नाही. म्हणून तांबड्या मातीतल्या माणसाने नक्षीपेक्षा साइडवॉल किती जाड आहे हे विचारावं.

काळ्या मातीचं गणित उलटं. ती पाणी पिऊन फुगते आणि कणकेसारखी टायरला चिकटते. ऑल टेरेनच्या अरुंद खाचा दोन-चार फेऱ्यांत भरून जातात, मग टायर रोलर झाल्यासारखा नुसता घसरतो. मड टेरेनच्या खाचा रुंद आणि खोल असतात, चाक वेगाने फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो. पण वेगाने फिरलं तरच. हळू चालवली तर मड टेरेनही भरतो. आणि आठवडाभर लागून पाऊस झाला, की काळ्या रानात खाली टेकायला टणक थरच उरत नाही. जोरात फिरणारं चाक तेव्हा खड्डा खणत जातं आणि गाडी अ‍ॅक्सलवर बसते. बळ्ळारी नाल्याचं पाणी ज्या शेतांत शिरतं, तिथे कुठलाही टायर घाला, शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. मड टेरेनचा खरा उपयोग एक-दोन दणके पाऊस पडून वरची माती भिजलेली, खालची अजून धरून असलेली, अशा दिवसांत. असे दिवस तुमच्या वर्षात किती, हे प्रामाणिकपणे मोजा.

कारण उरलेले सगळे दिवस गाडी डांबरावर असते, आणि तिथे मड टेरेनची किंमत मोजावी लागते. मी स्वतः दोन पावसाळे मड टेरेन वापरले. चोर्ला घाटात जुलैच्या पावसात वळणावर म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला, आणि गाडी मला वाटलं होतं त्याच्या गाडीभर पुढे जाऊन थांबली. म्हैस वाचली, पण त्या दिवशी माझं मत बदललं. मोठमोठ्या ठोकळ्यांमध्ये एवढी मोकळी जागा असते, की ओल्या रस्त्याला प्रत्यक्ष टेकणारं रबर कमी राहतं. आवाज वाढतो, डिझेल जास्त लागतं, टायर लवकर झिजतो. हे सगळं सोसता येतं, पण ब्रेकचं सोसू नये.

हायवे टेरेन, म्हणजे मुख्यतः डांबरासाठीचा टायर, मात्र थोडक्यात. निपाणी-बेळगाव महामार्गावर माल नेणारा, शेतात फक्त उन्हाळ्यात उतरणारा माणूस याच्यावरच सुखी राहील. फोर बाय फोर आहे म्हणून राकट नक्षीच हवी असं काही नाही.

आता माप. २४५/७५ आर १६ मध्ये २४५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७५ टक्के साइडवॉलची उंची आणि १६ इंची रिम. हिशोब केला तर टायरची पूर्ण उंची सुमारे ७७४ मिलिमीटर येते. २५५/६० आर १८ची सुमारे ७६३. म्हणजे रिम मोठी, पण टायर बुटका आणि साइडवॉल ३० मिलिमीटरने कमी. खडकाळ वाटेला लहान रिम, उंच साइडवॉल बरी. पण कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेल्या मापांच्या बाहेर जाऊ नका. उंची वाढली की स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो, आणि चाक वळताना मडगार्डला घासू शकतं.

मापापुढचा आकडाही वाचा. ११२ म्हणजे त्या टायरला १,१२० किलोंपर्यंत भार, ११५ म्हणजे १,२१५. भाताची पोती भरून नेणाऱ्याने यात तडजोड करू नये. मापाआधी एलटी लिहिलं असेल तर तो हलक्या ट्रकांसाठीचा जाड टायर, पण तेवढ्याच ओझ्याला त्याला हवा जास्त लागते. जुन्याच हवेवर चालवला तर तो तापतो.

मला एका दुकानात चार वर्षं पडून असलेला टायर नवा म्हणून दिला होता. तेव्हापासून मी साइडवॉलवरचे चार आकडे बघितल्याशिवाय पैसे देत नाही. २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदाराला राग आला तरी चालेल, खाली वाकून वाचा. आकडे कधी आतल्या बाजूला असतात, म्हणून बसवण्याआधीच बघायचे.

फोर बाय फोरमध्ये आणखी एक गोष्ट लोक विसरतात. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढे जुने, मागे नवे असं केलं तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि फोर बाय फोर लावल्यावर तो ताण गिअरच्या पेटीवर येतो. पैसे जुळत नसतील तर महागातले दोन घेण्यापेक्षा साधे चार घ्या. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे करा. खाच १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला, चिखलासाठी तर तो त्याच्या कितीतरी आधीच संपलेला असतो.

मावसभावाला मी एलटी ऑल टेरेन घ्यायला लावले. कणकुंबीची बाग आणि घाटरस्ता, दोन्हीला ते चालतात. येळ्ळूरला भर पावसात गाडी पाणंदीच्या तोंडाशी ठेवायची आणि पुढे ट्रॅक्टर. पण त्याच जागी अथणीकडचा, उसाच्या रानातच घर असलेला माणूस असता, ज्याला आजारी आईला घेऊन रात्री-अपरात्री त्या काळ्या वाटेनेच निघावं लागतं, तर त्याला मी मड टेरेनच सांगितले असते, आणि डांबरावर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायला.

टायरांच्या पैशातून वाचवून मावसभावाने एक छोटा कंप्रेसर आणि हवा मोजायचं मीटरही घेतलं. चिखलात शिरण्याआधी ३५ पीएसआयची हवा २०वर आणली की टायर पसरतो आणि साधा ऑल टेरेनही बरंच काही करून दाखवतो. डांबरावर आल्याआल्या मात्र ती परत भरायची. आता मृग लागायच्या आत स्टेपनी तेवढी त्याच मापाची घ्यायची राहिली आहे.